अंगाला बसेल ते चिलखत, हाताला पेलेल ते शस्त्र

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये बारा प्रकारची चिलखतं आहेत, एक ढाल आहे आणि सदतीस शस्त्रं आहेत. नवा खेळाडू पहिल्यांदा पुस्तक हातात घेतो तेव्हा त्याची नजर बरोबर सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाते: प्लेट चिलखत, १८. किंमत १,५०० सोन्याची नाणी बघून तो जरा दचकतो, पण पुढेमागे घेऊच म्हणून मनात खूणगाठ बांधतो. शस्त्रांतही तेच. दोन हातांनी पेलायची ग्रेटस्वर्ड दोन फासे मारते म्हणजे तीच भारी. मग खेळ सुरू झाल्यावर कळतं की आपण घेतलाय विझार्ड, आणि यातलं काहीच आपल्या कामाचं नाही.

हा लेख अशा खेळाडूसाठी आहे. तुम्ही मित्रांबरोबर टेबलाभोवती बसून खेळत असा किंवा कॉम्प्युटरवर 'बाल्डर्स गेट ३', पायाचे नियम तेच आहेत. २०२३ साली आलेली ही गेम पाचव्या आवृत्तीच्या नियमांवरच उभी आहे. फरक पडतो तिथे सांगेनच. इथले नियम २०१४च्या पुस्तकाचे आहेत; २०२४च्या नव्या पुस्तकाबद्दल शेवटी बोलू.

माझं म्हणणं एवढंच आहे की तक्त्यातला आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी आपल्या कॅरेक्टर शीटवर कोणता गुण वरचढ आहे ते बघा, आणि लढाईत आपले दोन हात कशात गुंतणार आहेत ते बघा. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तक्त्यातल्या तीन-चार ओळीच उरतात, आणि त्यांतून निवडणं सोपं असतं.

पण आकड्याचं मोल काय, ते आधी समजून घेऊ. आर्मर क्लास, म्हणजे एसी, हा शत्रूला गाठावा लागणारा आकडा. साधा गॉब्लिन वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात ४ मिळवतो. तुमचा एसी १२ असेल तर त्याला फाशावर ८ किंवा जास्त पडले की पुरे, म्हणजे वीसपैकी तेरा वेळा घाव बसणार. एसी १८ असेल तर वीसपैकी सात वेळा. प्लेट चिलखत आणि ढाल मिळून २० झाला तर फक्त पाच वेळा. एकेका अंकाची किंमत पाच टक्के आहे, त्यामुळे 'एकाने काय होतंय' असं इथे म्हणता येत नाही. पण त्या एका अंकासाठी पावलांचा आवाज, चालण्याचा वेग किंवा मंत्र म्हणण्याची ताकद गमावणार असाल, तर सौदा महागात जातो.

चिलखतांची घराणी तीन. हलक्यात तुमच्या चपळाईचा, म्हणजे डेक्सटेरिटीचा, पूर्ण फायदा एसीत मिळतो. मध्यम चिलखतात तो फायदा जास्तीत जास्त २ इतकाच. जड चिलखतात चपळाईला किंमतच नाही. तुम्ही विजेसारखे असा की पोत्यासारखे, चेन मेलचा एसी १६ म्हणजे १६. सगळी निवड या एका नियमाभोवती फिरते. डेक्सचा बोनस ३ असलेल्या रोगने ४५ नाण्यांचं स्टडेड लेदर घातलं तर त्याचा एसी १५. तोच बोनस पुढे ५ झाला की त्याच चिलखतात १७, म्हणजे ७५० नाण्यांच्या हाफ प्लेटने जास्तीत जास्त मिळतो तितकाच. शिवाय हाफ प्लेट वाजतं. ते घालून लपायचं म्हटलं की फासा दोनदा टाकून कमी पडलेला आकडा धरावा लागतो. स्केल मेलचंही तसंच, आणि जड चिलखतं तर सगळीच खडखडतात. (स्टडेड लेदर हे चिलखत इतिहासाच्या अभ्यासकांना मान्य नाही. कापडाच्या आत लोखंडी पट्ट्या बसवलेल्या ब्रिगँडाइनचे बाहेरून नुसते खिळेच दिसतात, त्यावरून ही कल्पना निघाली असावी. खेळात मात्र त्याच्याशिवाय रोगचं पान हलत नाही.)

जड चिलखताला ताकदीची अट असते: चेन मेलला स्ट्रेंथ १३, स्प्लिंट आणि प्लेटला १५. ती नसेल तर चिलखत अंगावर चढतं, पण चालण्याचा वेग दहा फुटांनी घटतो. ड्वार्फला मात्र ही कपात लागू नाही.

आणि ज्या चिलखताची प्रोफिशियन्सी तुमच्या क्लासला नाही, ते चढवलंत तर? एसी मिळतो. पण ताकद आणि चपळाई लागणाऱ्या प्रत्येक कामात, घाव घालण्यातसुद्धा, दोन फाशांतला कमी आकडा धरावा लागतो, आणि मंत्र एकही म्हणता येत नाही. ढालीलाही हाच नियम. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये मंत्रांची बटणं अचानक काम करेनाशी झाली, तर आधी अंगावर काय चढवलंय ते तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

एक गोष्ट तक्त्यात शेजारीच असूनही कुणी वाचत नाही: चिलखत चढवायला लागणारा वेळ. हलकं एक मिनिट, मध्यम पाच, जड दहा. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची, म्हणजे दहा मिनिटांत शंभर फेऱ्या होतात. रात्री तळावर हल्ला झाला आणि तुमचा पॅलाडिन चिलखत काढून झोपला असेल, तर त्याच्यासाठी ती लढाई बिनचिलखताचीच. डेक्स ८ असलेल्या पॅलाडिनचा एसी तेव्हा ९ असतो. म्हणून जड चिलखतवाल्याने पहाऱ्याची पहिली पाळी मागून घ्यावी. निदान तेवढा वेळ तरी तो सज्ज असतो. लोखंडाचा दुसरा शत्रू म्हणजे 'हीट मेटल' हा मंत्र. अंगावरचं चिलखत तापून लाल होतं आणि मंत्र एक मिनिटभर टिकू शकतो. प्लेट उतरवायला पाच मिनिटं लागतात. पुढचं गणित तुम्हीच करा.

आता हात. मला विचाराल तर या खेळातली सगळ्यात दुर्मीळ वस्तू जादूची तलवार नाही, रिकामा हात आहे. एका हातात शस्त्र आणि दुसऱ्यात ढाल घेतली की दोन्ही हात संपले. दोन हातांचं शस्त्र घेतलं की ढाल संपली. धनुष्यालाही दोन हात लागतात, म्हणून धनुर्धाऱ्याला ढालीचा लोभ धरता येत नाही. आणि मंत्र म्हणणाऱ्याचं तर विचारूच नका, कारण बऱ्याच मंत्रांना हाताची मुद्रा लागते.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे क्लेरिक. उजव्या हातात गदा, डाव्यात ढाल, ढालीवर देवाचं चिन्ह रंगवलेलं. सगळं नीट वाटतं. मित्र जखमी होऊन कोसळतो आणि तुम्ही 'क्युअर वूंड्स' म्हणायला जाता. या मंत्राला बोल आणि मुद्रा लागतात, सामग्री लागत नाही. ढालीवरचं चिन्ह सामग्रीची जागा घेतं, त्यामुळे सामग्रीच्या मंत्राची मुद्रा त्याच हाताने करता येते; पण सामग्रीच नसलेल्या मंत्राच्या मुद्रेला वेगळा मोकळा हात हवा. काटेकोर डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) असेल तर तुम्हाला आधी गदा कमरेला लावावी लागेल. 'हीलिंग वर्ड' मात्र नुसत्या बोलावर चालतो, आणि दुरूनही. म्हणून ढाल-गदा घेणाऱ्या क्लेरिकने 'हीलिंग वर्ड' आधी घ्यावा. पुढे 'वॉर कॅस्टर' हे फीट मिळालं की दोन्ही हात भरलेले असतानाही मुद्रा करता येते. बरेच डीएम हा नियम सैल सोडतात, पण पहिल्या लढाईच्या आधी विचारून ठेवा. मित्र मरायला टेकलेला असताना नियमावर वाद घालायला कुणालाच मजा येत नाही. 'बाल्डर्स गेट ३'ने मोकळ्या हाताची ही भानगड ठेवलेलीच नाही. तिथे मानवी पात्रांना हलक्या चिलखताची आणि ढालीची प्रोफिशियन्सी जन्मजात मिळते, म्हणून गेल हा विझार्ड असूनही ढाल बाळगू शकतो. बहुतेक लोक त्याला ती देतच नाहीत. द्या.

क्लेरिकचंच पुढे सांगायचं तर सगळ्या क्लेरिकना मध्यम चिलखत आणि ढाल मिळते, पण जड चिलखत डोमेनवर ठरतं. लाइफ, नेचर, टेम्पेस्ट आणि वॉर या डोमेनना ते मिळतं, ट्रिकरीसारख्यांना नाही. 'बाल्डर्स गेट ३'मधल्या शॅडोहार्ट या ट्रिकरी डोमेनच्या क्लेरिकला प्लेट चढवून मग मंत्र का चालत नाहीत म्हणून चक्रावलेले खेळाडू थोडे नाहीत.

विझार्ड आणि सॉर्सरर यांना चिलखत नाहीच. त्यांचं चिलखत म्हणजे 'मेज आर्मर' हा पहिल्या पातळीचा मंत्र: एसी १३ अधिक डेक्सचा बोनस, आठ तास. डेक्स १४ असेल तर १५ झाला, तोही वजन आणि आवाज यांच्याशिवाय. वर 'शील्ड' मंत्राने ऐन वेळी पाच अंक वाढतात, त्यासाठी एक हात मोकळा हवा. म्हणून विझार्डने एका हातात काठी धरावी, दुसरा रिकामा ठेवावा. ज्याला विझार्ड टणक हवाच आहे त्याने २०१४च्या पुस्तकातला माउंटन ड्वार्फ घ्यावा. त्याला जन्मानेच मध्यम चिलखत चालतं, आणि ५० नाण्यांच्या स्केल मेलमध्ये डेक्स १४ असताना त्याचा एसी १६ होतो. दिसायला विचित्र, चालायला उत्तम.

विझार्डला तलवार का नाही, हा प्रश्न मात्र प्रत्येक नवा खेळाडू विचारतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिला खेळ काढला तेव्हा क्लास तीनच होते. जादूगाराला फक्त खंजीर, क्लेरिकला धार नसलेली शस्त्रं आणि लढवय्याला सगळं. गंमत म्हणजे तेव्हा खंजीर काय आणि तलवार काय, सगळ्यांचा घाव एका सहा बाजूंच्या फाशाचाच होता. मग लढवय्याचा फायदा काय? जादूच्या तलवारी फक्त त्यालाच वापरता येत. शस्त्रागणिक वेगळे फासे १९७५च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आले. म्हणजे क्लासचं शस्त्रबंधन हे वास्तवाच्या नावाखाली दिसत असलं तरी मुळात ते कामाच्या वाटणीसाठी आलं: प्रत्येकाने काहीतरी एकच नीट करावं, म्हणजे टोळीत सगळ्यांची गरज राहते. आजची आवृत्ती पुष्कळ सैल आहे, पण हाडाने तीच आहे.

फायटर आणि पॅलाडिन यांना सगळंच चालतं, म्हणून तेच जास्त गोंधळतात. फायटरने पहिल्याच दिवशी ठरवावं: ताकदीचा की चपळाईचा. ताकदीचा असेल तर सुरुवातीच्या सामानात मिळणारं चेन मेल, ढाल आणि 'डिफेन्स' ही लढण्याची पद्धत घेतली की पहिल्या पातळीला एसी १९ होतो. चपळाईचा असेल तर लेदर आणि लाँगबो, पुढे स्टडेड लेदर. दोन्हीकडे पाय ठेवलात तर दोन्हीकडे अर्धवट राहाल. पॅलाडिनला हा प्रश्न फारसा नाही. त्याची 'डिव्हाइन स्माइट' २०१४च्या नियमांत जवळून मारलेल्या शस्त्राच्या घावावरच चढते, म्हणून धनुष्य त्याच्या कामाचं नाही. ताकद आणि करिश्मा वाढवा, डेक्स ८ ठेवा आणि जड चिलखत घाला. ढाल की ग्रेटस्वर्ड, हे टोळीत पुढे उभं राहणारं दुसरं कुणी आहे का यावर ठरवा. नसेल तर ढाल.

ताकदीच्या लढवय्याने आणखी एक करावं: पाठीवर चार-पाच जॅव्हेलिन ठेवावेत. फेकायचे हे भाले तीस फुटांपर्यंत सहज जातात आणि ताकदीवरच चालतात. उडणारा शत्रू आला की ग्रेटस्वर्डवाला खाली उभा राहून आभाळाकडे बघत बसतो, हे दृश्य जवळपास प्रत्येक टेबलावर कधी ना कधी दिसतं.

बार्बेरियनबद्दल एक समज पसरलाय की त्याने उघड्या अंगानेच लढायचं. बिनचिलखताचा त्याचा एसी १० अधिक डेक्स अधिक कॉन्स्टिट्यूशन. डेक्स १४ आणि कॉन १६ असेल तर १५ होतो. त्याच माणसाने स्केल मेल घातलं तर १६. म्हणजे सुरुवातीच्या पातळ्यांत मध्यम चिलखतच सरस आहे. उघडं अंग शोभतं, पण गुण बरेच वाढल्यावर. जड चिलखत मात्र त्याने अजिबात घालू नये, कारण ते घातलं की रेजचे, म्हणजे त्याच्या लढाईतल्या क्रोधावस्थेचे, सगळे फायदे जातात. रेजची जास्तीची इजाही ताकदीने जवळून मारलेल्या घावालाच मिळते, म्हणजे बार्बेरियनला धनुष्य देणं व्यर्थ आहे. कुऱ्हाड की ग्रेटस्वर्ड? ग्रेटस्वर्डचे दोन सहा-बाजूंचे फासे सरासरी ७ देतात, ग्रेटअ‍ॅक्सचा एक बारा-बाजूंचा फासा साडेसहा. पण नवव्या पातळीपासून क्रिटिकल घावावर बार्बेरियनला शस्त्राचा एक फासा जास्त मिळतो, तिथे कुऱ्हाडीचा बाराचा फासा वरचढ ठरतो. फरक किरकोळ आहे. आवडेल ते घ्या.

रोगच्या यादीत लाँगस्वर्ड आहे, तिच्या नादी लागू नका. त्याचा सगळा जीव 'स्नीक अटॅक'मध्ये, आणि तो फिनेस गुणाच्या, म्हणजे चपळाईनेही चालवता येणाऱ्या, किंवा दुरून मारायच्या शस्त्रांनीच होतो. लाँगस्वर्ड यांपैकी एकातही बसत नाही. एक रेपियर घ्या, किंवा दोन शॉर्टस्वर्ड. दोन घेतल्या तर पहिला घाव चुकला तरी दुसऱ्यात स्नीक अटॅक साधायची संधी राहते. पण दुसरा घाव बोनस अ‍ॅक्शन खातो, आणि दुसऱ्या पातळीपासून मारून निसटायलाही तीच अ‍ॅक्शन लागते. पहिला घाव बसला असेल तर निसटा, चुकला असेल तर दुसरी तलवार चालवा.

मंकने चिलखत आणि ढाल दोन्ही विसरावं. एकही घेतलं तरी त्याच्या हातापायांची विद्याच बंद पडते. रेंजर धनुष्याचा असेल तर स्टडेड लेदर आणि लाँगबो, पण हाफलिंग किंवा नोम असाल तर २०१४च्या नियमांत लाँगबो तुम्हाला अवजड पडतो, शॉर्टबो घ्या. ड्रुइडला त्याच पुस्तकात धातू वर्ज्य आहे: कातड्याचं चिलखत, लाकडी ढाल आणि काठी. बार्डला हलकं चिलखत आणि रेपियर. वॉरलॉकला हलकं चिलखत पुरतं, कारण त्याचं खरं शस्त्र 'एल्ड्रिच ब्लास्ट' आहे.

क्लास कोणताही असो, दुसरं शस्त्र बाळगाच. सांगाडे आपटणाऱ्या शस्त्राला दुप्पट बळी पडतात, त्यामुळे तलवारबाजाच्या पिशवीतली एक साधी गदा कधीतरी सगळी टोळी वाचवते. लांडगा-माणसासारख्या प्राण्यांवर साधं लोखंड चालतच नाही. १०० नाण्यांत शस्त्राला चांदी चढवून मिळते. गावात असतानाच हे काम उरका, जंगलात सोनार भेटत नाही.

मराठी टेबलांवर एक हौस हमखास निघते: दांडपट्टा पाहिजे, वाघनखं पाहिजेत. तक्त्यात ती नाहीत, पण डीएमला त्यावर तोडगा काढता येतो. दांडपट्ट्याला लाँगस्वर्डचे आकडे द्या. त्याची मूठ पंज्यापासून कोपरापर्यंत हात झाकते, म्हणून तो हातातून उडवता येणार नाही, आणि त्या हाताने दुसरं कामही होणार नाही. मंत्र म्हणणाऱ्याने पट्टा मागितला तर हे आधी सांगा. वाघनखांना खंजिराचे आकडे पुरेत. फेकता येणार नाहीत, पण तळव्यात लपतील. नवा नियम रचण्यापेक्षा जुन्या नियमाला नवा अंगरखा घालणं केव्हाही बरं.

आणि खेळायला बसण्याआधी डीएमला विचारा की पुस्तक २०१४चं की २०२४चं. नव्या पुस्तकात ड्रुइडची धातूची बंदी उठली आहे, पण मध्यम चिलखत त्याला आता वेगळी निवड केल्यावरच मिळतं. क्लेरिकचं जड चिलखत डोमेनऐवजी 'प्रोटेक्टर' हा पर्याय निवडण्यावर आहे, आणि अवजड शस्त्रांना अंगाच्या आकाराऐवजी स्ट्रेंथ किंवा डेक्स १३ची अट आहे. लढवय्या क्लासना 'वेपन मास्टरी' मिळाल्यामुळे शस्त्रांची तुलनाही बदलली आहे. एकाच टेबलावर निम्मे खेळाडू एक पुस्तक आणि निम्मे दुसरं घेऊन बसले, तर वर दिलेल्या आकड्यांपैकी निम्मे कुणालातरी चुकीचे वाटतील. तेव्हा कॅरेक्टर शीट भरायच्या आधी हे एवढं नक्की करून घ्या.